नदीकाठची झाडे आणि आपले ‘निसर्गवर्णन’

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात एखादा जुना ग्रंथ शिकवताना ज्या काही संज्ञा आपण फारसा विचार न करता वापरतो, त्यांत ‘निसर्गवर्णन’ ही संज्ञा अग्रभागी असावी. ग्रंथात झाड आले, नदी आली, घाट आला की तो मजकूर या एका खणात टाकून आपण मोकळे होतो. प्रश्नपत्रिकेतही ‘अमुक ग्रंथातील निसर्गवर्णनाची वैशिष्ट्ये लिहा’ असा प्रश्न येतो आणि विद्यार्थी उपमा-उत्प्रेक्षांची यादी देऊन सहा गुण मिळवतो. या खणात टाकलेला बराचसा मजकूर मुळी ‘वर्णन’च नसतो, तो नोंद असतो, आणि नोंद व वर्णन यांतील हा भेद पुसला गेल्यामुळे आपल्या प्राचीन गद्याच्या वाचनात एक मोठी उणीव राहिली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची मांडणी करण्यासाठी प्रथम थोडे दूरचे उदाहरण घेतो.

१८०४ ते १८०६ या काळात लुईस आणि क्लार्क यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेच्या पूर्वेकडील वस्तीतून पश्चिम समुद्रापर्यंत जी मोहीम गेली, तिच्या रोजनिशा आज उपलब्ध आहेत. मिसुरी नदीच्या काठाने जाताना या रोजनिशांत एका झाडाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. ते झाड म्हणजे कॉटनवुड. बीजाला कापसासारखे तंतू असतात, म्हणून हे नाव. (आमच्या वऱ्हाडी माणसाला या नावाचा शब्दशः अर्थ सांगितला तर त्याच्या डोळ्यांपुढे पऱ्हाटीचा भाराच उभा राहील, प्रत्यक्षात हा उंच, रुंद पानांचा, पॉप्लर जातीचा वृक्ष आहे.) गवताळ मैदानात मैलोगणती दुसरे झाड नाही; जेथे पाणी तेथे मात्र ही रांग. साहजिकच दूरवर झाडांची रेघ दिसली की प्रवाशाला नदी कळे, सरपण कळे, मुक्काम कळे. १८०४ च्या हिवाळ्यात मंडान लोकांच्या वस्तीजवळ या मोहिमेने जो कोट बांधला तो याच लाकडाचा. पुढील वसंतात ज्या कोरीव होड्या नदीत लोटल्या त्याही याच खोडांच्या.

जून १८०५ मधील एक नोंद मी वर्गात नेहमी सांगतो. मोठ्या धबधब्यांपाशी होड्या जमिनीवरून ओढून न्यायच्या होत्या. त्यासाठी गाड्यांना चाके हवी होती. सुदैवाने सुमारे बावीस इंच व्यासाचे एकच कॉटनवुड सापडले आणि त्याचे आडवे काप घेऊन चाके झाली. आजूबाजूच्या वीस मैलांत एवढे दुसरे झाड मिळाले नसते, असे लुईसने नोंदवून ठेवले आहे. पुढे लोखंडी सांगाड्याची होडी फसली, कारण सांधे बुजवायला राळ मिळेना. तेव्हा नव्या होड्यांसाठी पुन्हा पुरेशा जाडीचे कॉटनवुड हुडकत क्लार्कला नदीच्या वरच्या अंगास जावे लागले. या मजकुराला ‘निसर्गवर्णन’ म्हणण्याचे धाडस कोण करील? येथे झाडाची जाडी हा कथानकाचा भाग आहे. झाड नसते तर वाट थांबली असती.

या नोंदींना नंतर एक अनपेक्षित मोल आले. कॉटनवुडचे बी पुराने नुकत्याच टाकलेल्या ओल्या, उघड्या गाळावरच नीट रुजते. विसाव्या शतकात मिसुरीवर मोठी धरणे झाली, पूर आवरले गेले, आणि जुनी झाडे वठत असताना नवी उगवेनाशी झाली. पूर्वी काठ कसा होता हे ठरवताना आज वनस्पतिशास्त्रज्ञ या रोजनिशांकडे वळतात. म्हणजे वाङ्मयेतिहासात ‘प्रवासवृत्त’ म्हणून मिरवणारा ग्रंथ नदीचा साक्षीदार ठरला. अर्थात ही साक्ष निःपक्षपाती नाही, हेही सांगितले पाहिजे. मोहिमेची नजर राज्यविस्ताराची होती, आणि ज्यांना आपण ‘पहिल्या नोंदी’ म्हणतो त्या पहिल्या नव्हत्याच. लाकोटा लोकांच्या सूर्यनृत्यात मध्यभागी रोवला जाणारा स्तंभ कॉटनवुडचाच असतो. त्या लोकांना हे झाड कोणी कागदावर लिहिण्यापूर्वीच ठाऊक होते.

आता आपल्याकडे वळू. असा ऐवज मराठीत आहे काय? माझे उत्तर होकारार्थी आहे; आणि तो शोधण्यासाठी आधुनिक प्रवासवर्णनापर्यंत येण्याचीही गरज नाही. मराठी गद्याच्या आरंभीच तो पडलेला आहे. म्हाइंभटाचे ‘लीळाचरित्र’ हे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील. आणि महानुभावांचीच ‘स्थानपोथी’ ही त्यानंतरची, चौदाव्या शतकातील मानली जाते. दोन्ही ग्रंथ डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केले, आणि ते ऋण आपणा सर्वांवर आहे. लीळाचरित्र हे चरित्र खरे, पण ते चालत्या माणसाचे चरित्र आहे. श्रीचक्रधर गोदेच्या काठाने, वऱ्हाडातून, मेहकर-लोणारकडून फिरत राहतात. मुक्काम कोठे, आसन कोठे, कोणत्या देवळात, कोणत्या वडा-पिंपळाच्या तळी, हे लीळाकार सांगतो. अलंकाराशिवाय सांगतो. झाड कसे शोभत होते हे तो सांगत नाही. ते कोठे होते हे सांगतो.

स्थानपोथी तर याहून काटेकोर आहे. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचे दार कोणीकडे, तेथून नदी किती जवळ, अशा क्रमाने ती चालते. भक्ताने त्या जागी जाऊन नमस्कार करावा, हा तिचा हेतू. त्यासाठी जागा चुकता कामा नये. जेथे दुसरी खूण नाही तेथे झाड हीच खूण. सर्वेक्षकाच्या वहीत आणि या पोथीत मला फारसा फरक दिसत नाही. फरक आहे तो हेतूचा. लुईस झाडात होडी पाहतो, पोथीकार झाडात आठवण पाहतो. दोघेही झाड नीट पाहतात, एवढे मात्र समान.

येथे थोडे थांबावेसे वाटते. झाडाचे आयुष्य मर्यादित असते. स्मरण मात्र टिकवायचे असते. म्हणून महानुभाव स्थानांवर ओटे बांधले गेले. आज आपण अशा स्थानी जातो तेव्हा ओटा दिसतो, चुना दिसतो, फरशी दिसते. पोथीतले झाड बहुधा नसते. ओटा ही झाडाची जागा घेणारी खूण आहे, हे एकदा ध्यानात आले म्हणजे पोथी वाचण्याची रीतच बदलते. आणि चक्रधरांनी अनुयायांस सांगितलेला आचारही आठवतो: देशाच्या शेवटी जावे आणि झाडाच्या तळी आयुष्य घालवावे. सूत्रपाठातील या वचनाचे विवरण आपण वैराग्याच्या अंगाने पुष्कळ केले. पण ‘झाड’ हा त्या वचनातील निम्मा भाग आहे. छप्पर नसलेल्या माणसाला कोणत्या झाडाखाली पावसाळा काढता येतो आणि कोणत्या झाडाखाली येत नाही, हा प्रश्न त्या भिक्षूला तत्त्वज्ञानाहून कमी महत्त्वाचा नसणार.

याच दृष्टीने ‘आज्ञापत्र’ही पाहावे. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात आरमारासाठी लाकूड कोठून आणावे याचा विचार करताना रामचंद्रपंत अमात्य आंब्या-फणसांना हात लावू नये असे बजावतात, कारण रयतेने ती झाडे लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. राजनीतीच्या अभ्यासकांनी हा उतारा प्रजावात्सल्याचा दाखला म्हणून घेतला. तो दाखला आहेच; त्याबरोबर कोणते झाड कोणाचे, याचीही ती नोंद आहे.

मग या नोंदी आपण का वाचत नाही? एक कारण मला आपल्या कोशांत दिसते. जुना शब्द अडला की आपण कोश उघडतो, आणि झाडाच्या नावापुढे बहुतेक वेळा ‘एक वृक्षविशेष’ एवढाच अर्थ मिळतो. हा अर्थ नव्हे. ही माघार आहे. मोल्सवर्थने अनेक झाडांपुढे लॅटिन नाव देण्याचे कष्ट घेतले होते. पुढच्या काही कोशकारांना ते अनावश्यक वाटले असावेत. विसाव्या शतकाच्या आरंभी महानुभावांच्या सकळी लिपीची किल्ली अभ्यासकांच्या हाती आली आणि शतकानुशतके झाकलेले ग्रंथ उघडले. लिपी उकलली, शब्द उकलले, व्याकरण उकलले. झाडे अजून सांकेतिक लिपीतच आहेत.

दुसरे कारण आपण शिक्षकच आहोत. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना घेऊन मी देऊळघाटला पैनगंगेच्या काठी गेलो होतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेत, आमच्याच बुलडाणा तालुक्यात ही नदी उगम पावते आणि मेहकरकडे जाते. चक्रधरांच्या मेहकरला ज्या नदीने पाणी पुरवले तीच ही. जिल्ह्याच्या ठिकाणाला पाणी देणारे येळगावचे धरणही हिच्यावरच आहे. देऊळघाट हे नावच मुळी दोन खुणांचे बनलेले आहे: एक देऊळ, एक घाट. विद्यार्थ्यांना मी काठावरची झाडे ओळखायला सांगितले. बेशरम सगळ्यांनी ओळखली. वेडी बाभूळ ओळखली, सुबाभूळ ओळखली. करंज दोघांनी ओळखला, अर्जुनसादडा एकीने, आणि तीही आजीने सालीचा काढा दिला होता म्हणून. परत येताना माझ्या लक्षात आले की ज्या तीन वनस्पती सर्वांना ठाऊक होत्या त्या तिन्ही मूळ अमेरिका खंडातल्या. लुईस-क्लार्कांच्या खंडातील झाडेझुडपे आमच्या नदीकाठी येऊन वसली. आमच्या पोथीतील झाडे आमच्याच विद्यार्थ्यांना परकी झाली.

कॉटनवुडचा एक सख्खा नातलग आपल्याकडे आहे, हेही या निमित्ताने सांगतो. त्याचे नाव वाळुंज. सह्याद्री आणि दख्खनमधील नद्या-ओढ्यांच्या काठी वाढणारे, विलोच्या जातीचे हे झाड. कॉटनवुड आणि हे एकाच कुळातले. याच्याही बीजाला रेशमासारखे तंतू असतात, फांदी ओल्यात खोवली तर फुटते. पैनगंगेकाठी मला ते अजून आढळलेले नाही. वाळुंज हे आडनाव मात्र महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. त्या आडनावाचा या झाडाशी संबंध आहे की नाही, हे एखाद्या भाषाभ्यासकाने तपासावे. आमच्या जिल्ह्यातील पळसखेड, बोराखेडी, पिंपळगाव सराई, हिवरा ही ग्रामनामे उघडपणे झाडांची आहेत. पण ‘उघडपणे’ म्हणताना आपण हिवर पाहिलेला असतो काय? ग्रामनामांच्या व्युत्पत्तीवर लिहिणाऱ्या किती जणांना तो बाभळीपासून वेगळा काढता येईल, याविषयी मला शंका आहे. मलाच तो फार उशिरा काढता आला.

यावर घेतला जाणारा आक्षेप मला ठाऊक आहे. साहित्याचा अभ्यास म्हणजे वनस्पतिशास्त्र नव्हे. झाडाचे लॅटिन नाव कळल्याने कलाकृतीचा आस्वाद वाढत नाही. ललित कृतीपुरता हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. पण लीळाचरित्र, स्थानपोथी, गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ हे ग्रंथ आपण केवळ आस्वादासाठी वाचतो काय? त्यांतून आपण भाषेचा इतिहास काढतो, समाजाचा काढतो, धर्माचा काढतो. १८५७ चा वृत्तान्त काढतो. मग काठाचा इतिहास तेवढा वर्ज्य का? अ‍ॅन फेल्डहाऊस यांच्या महाराष्ट्रातील नद्यांच्या धार्मिक अर्थावरील ग्रंथाचे (१९९५) आपण कौतुकाने स्वागत केले. असे काम परदेशी विदुषीने केले की ते ‘संस्कृतिअभ्यास’ होते आणि आपल्या विद्यार्थ्याने मागितले की ‘विषयबाह्य’ ठरते, ही विसंगती कोणाच्याच ध्यानात येऊ नये याचे नवल वाटते. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ चे. मारुती चितमपल्लींनी विदर्भाच्या जंगलांत नोकरी करीत शब्द गोळा केले, कोश केले; २०२५ साली ते गेले. दोघांचेही लेखन आपण ‘ललित’ म्हणून अभ्यासक्रमात नेमतो, साधन म्हणून वापरत नाही.

हे सारे लिहिण्यास एक घटना कारण झाली. देऊळघाटच्या सहलीत अर्जुनसादडा ओळखणाऱ्या त्या विद्यार्थिनीने पुढे ‘महानुभाव गद्यातील वृक्षनामे’ असा संशोधनाचा आराखडा केला. संबंधित समितीने तो परत पाठवला. शेरा एका ओळीचा होता: विषय अन्य विद्याशाखेचा आहे. तिने विषय बदलला. एका कादंबरीकाराच्या ‘निसर्गचित्रणा’वर तिने प्रबंध लिहिला, तो मान्यही झाला. पहिल्या आराखड्यासाठी तिने केलेली वही मात्र माझ्याकडे राहिली आहे. डाव्या पानावर पोथीतले नाव, उजव्या पानावर आजीने, गुराख्याने, भोयाने सांगितलेले नाव, आणि जमले तेथे दुमडून चिकटवलेले पान. डावी बाजू बहुतेक भरली आहे. उजवीकडची कित्येक पाने कोरी आहेत, आणि आजी आता नाही. ही वही पुढे चालवू इच्छिणाऱ्या संशोधकाने विभागाशी संपर्क साधावा; आराखडा परत आल्यास शेऱ्याचे उत्तर लिहून देण्याची जबाबदारी माझी.