सॉकेट आपले, कुलूप कंपनीचे



जिल्ह्याच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलायचे सोडून गाडीच्या सॉकेटवर काय बोलता, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. उत्तरही सरळ आहे. कापसाचा भाव हा घरात येणाऱ्या पैशाचा हिशेब. दुरुस्तीचे बिल हा घरातून जाणाऱ्या पैशाचा. उत्पादनखर्चात आपण बियाणे, खत, मजुरी, डिझेल मांडतो. गाडी आणि ट्रॅक्टर ऐन हंगामात उभे राहिल्याचा खर्च मात्र नशिबाच्या खात्यावर टाकतो. तो नशिबाचा नाही. तो कोणीतरी ठरवतो.

वेचणीच्या दिवसांत मालवाहू पिकअप बंद पडते. समोरच्या काचेखाली इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. गावचा मिस्त्री बॉनेट उघडतो, फिल्टर पाहतो, वायरी हलवतो आणि सांगतो, "कंप्युटर लावावा लागेल, कंपनीत न्या." मग गाडी ओढत जिल्ह्याला न्यायची, नंबर लावायचा, आणि कापूस घरात पडून. व्यापाऱ्याचा काटा मारतो म्हणून आपण भांडतो. इथे तर काट्यावरचा आकडा पाहायलाच बंदी आहे.

कंप्युटर लावणे म्हणजे काय?

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वरच्या बाजूला 16 पिनांचा एक सॉकेट असतो. अमेरिकेने 1996 च्या मॉडेलपासून तो मोटारींना सक्तीचा केला. आपल्याकडे बीएस-4 गाड्यांवर ही व्यवस्था 2010 आणि 2013 अशा दोन टप्प्यांत आली. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाले. कायदा धुरासाठी होता. इंजिनात बिघाड झाला तर गाडीने स्वतः तो सांगावा, एवढाच हेतू. त्या सॉकेटात काही शे रुपयांचा अडॅप्टर बसवायचा, तो लॅपटॉपला जोडायचा, की बिघाडाचा क्रमांक पडद्यावर येतो. जादू नाही, मंत्र नाही.

पण लॅपटॉप जोडला आणि "अनेबल टू कनेक्ट" आले, की आपला माणूस हात टेकतो. इथेच थांबू नका. पऱ्हाटी लाल पडली की कृषी केंद्रवाला आधी बाटली काढतो. तुडतुडे आहेत, मॅग्नेशियम कमी पडले की पाणी साचून मुळे गुदमरली, हे न पाहता फवारणी करणे म्हणजे पैसे पेटवणे. यंत्राचेही तेच. जोडणीत तीन सांधे आहेत. एकेक तपासा.

पहिला सांधा लॅपटॉप आणि अडॅप्टरचा. लॅपटॉपच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरला एक कॉम पोर्ट क्रमांक मिळालेला दिसला पाहिजे. दिसत नसेल तर अडॅप्टरमधल्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिची लॅपटॉपला ओळख करून देणारा प्रोग्राम, बसवलेला नाही. क्रमांक दिसतो पण सॉफ्टवेअरमध्ये दुसराच निवडला असेल, तरी जोडणी होणार नाही. वेगही जुळला पाहिजे. ईएलएम 327 जातीच्या अडॅप्टरला तो बहुधा 38400 किंवा 9600 असतो. ब्लूटूथचा अडॅप्टर असेल तर जोडताना 1234 किंवा 0000 हा आकडा द्यावा लागतो, आणि लॅपटॉप दोन पोर्ट दाखवत असेल तर त्यातला बाहेर जाणारा म्हणजे आउटगोइंग निवडायचा.

दुसरा सांधा अडॅप्टर आणि सॉकेटचा. सॉकेटची रुंद बाजू वर धरली तर वरच्या ओळीत डावीकडून 1 ते 8 पिना, खालच्या ओळीत 9 ते 16. मल्टिमीटरने 16 आणि 4 यांच्यात बॅटरीइतका, म्हणजे 12 व्होल्टच्या आसपास दाब आला पाहिजे. आला नाही तर फ्यूज पाहा. बऱ्याच गाड्यांत हा फ्यूज आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच असतो. स्वस्तातला मोबाइल चार्जर लावून तो उडवलेला असतो आणि दोष कंप्युटरवर जातो. फ्यूजची किंमत चहाएवढी, गाडी ओढून नेण्याचे भाडे हजारांत.

तिसरा सांधा सॉकेट आणि इंजिनाच्या कंप्युटरचा. चावी ऑनवर हवी. इंजिन चालू नसले तरी चालते. नव्या गाड्या 6 आणि 14 या पिनांवरून बोलतात, बऱ्याच जुन्या 7 वरून. बॅटरीची वायर काढून 6 आणि 14 यांच्यातला रोध मोजा. साधारण 60 ओहम आला तर बहुतेक गाड्यांत ती जोडी शाबूत आहे असे समजावे. 120 आला तर एका बाजूची वायर तुटली असण्याचा संभव आहे, मग उंदराने कुरतडलेली जागा शोधा. हे सगळे ठीक असेल तर दुसरा अडॅप्टर लावून पाहा, कारण बाजारातल्या अनेक नकली अडॅप्टरांना सगळ्या गाड्यांची भाषा येत नाही.

बिघाड संपतो तिथे कुलूप सुरू होते

तिन्ही सांधे जुळले, क्रमांक पडद्यावर आला. तो पी-शून्यने सुरू होत असेल तर त्याचा अर्थ जगभर एकच आहे, कोणालाही वाचता येतो. पी-एकने सुरू होत असेल तर तो कंपनीचा खाजगी क्रमांक. अर्थ कंपनीच्या वहीत. डिझेलचा इंजेक्टर बदलला तर अनेक गाड्यांत त्याच्यावर छापलेला क्रमांक इंजिनाच्या कंप्युटरला कळवावा लागतो. इंजेक्टर तुम्ही विकत घेतला, मिस्त्रीने बसवला, पण क्रमांक लिहायचे सॉफ्टवेअर कंपनी त्याला देत नाही. म्हणजे वायर जिथवर जाते तिथवर आपली अक्कल चालते. पुढे अक्कल कमी पडत नाही, परवानगी कमी पडते.

ही भाषा आपल्याला नवी नाही. महाराष्ट्रात 1972 पासून तीसेक वर्षे कापसाच्या एकाधिकार खरेदीत कापूस आपला आणि विकायची परवानगी सरकारची होती. सरकारचा एकाधिकार वाईट आणि कंपनीचा चांगला, असे म्हणणारा माणूस स्वातंत्र्याचा नव्हे, मालकाचा भक्त आहे.

कंपन्या म्हणतात, शेतकऱ्याच्या हाती सॉफ्टवेअर गेले तर धूर वाढेल, अपघात होतील. विषारी औषधाची बाटली विकताना हाच शेतकरी शहाणा असतो. रात्री अपरात्री मोटारीच्या स्टार्टरला हात घालताना त्याची कोणाला काळजी नसते. धुराची यंत्रणा काढून टाकणाऱ्याला जरूर शिक्षा करा. चोरीच्या भीतीने चावीची गुपिते राखून ठेवा, तेही मान्य. पण त्या आडून इंजेक्टरचा क्रमांक लपवू नका.

जगात हे कुलूप निघू लागले आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 साली लोकांनी मत देऊन मोटारदुरुस्तीची माहिती खुली करायला लावली. कोलोरॅडोने 2023 मध्ये खास शेतीच्या यंत्रांसाठी असा कायदा केला. ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डीअर कंपनीवर जानेवारी 2025 मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगानेच दुरुस्तीच्या मक्तेदारीबद्दल दावा लावला. शेकडो एकरांचा तो शेतकरीही याच कुलपापुढे उभा होता.

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना एकूण सुमारे 2,545 कोटी रुपये दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणे, हाच ठपका. कंपन्या कोर्टात गेल्या. ते प्रकरण मोटारींचे होते. ट्रॅक्टर त्यात नव्हता. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, शेतीची यंत्रे तिच्या विषयांत घेतली आणि डिसेंबरात संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. कंपनीला वाटेल ते तिने तिथे टाकावे, याला हक्क म्हणत नाहीत.

मागणी काय?

आपल्यातलेच काही जण म्हणतील, सरकारने दुरुस्तीचे दर बांधून द्यावेत, तालुक्याला सरकारी वर्कशॉप काढावे. नको. दर बांधले की काळाबाजार येतो आणि सरकारी वर्कशॉपला कुलूपच लागते. आपल्याला सवलत नको, मोकळीक हवी. बिघाडाच्या सर्व क्रमांकांचे अर्थ जाहीर करा. कंपनीच्या वर्कशॉपला मिळते तेच सॉफ्टवेअर आणि तेच सुटे भाग रास्त किमतीला कोणत्याही मिस्त्रीला द्या. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने वॉरंटी मोडू नका. या तीन गोष्टी कायद्यात आल्या की स्पर्धा आपले काम करील.

तोवर प्रत्येक तालुका शाखेने एक जुना लॅपटॉप, एक चांगला अडॅप्टर आणि एक मल्टिमीटर गावच्या मिस्त्रीच्या हाती द्यावा. कंपनीचे प्रत्येक बिल जपावे आणि त्यावर लिहावे: बिघाड काय होता, गाडी किती दिवस उभी राहिली, काय करू दिले नाही. पुढच्या बैठकीला ती बिले घेऊन या. गाऱ्हाणे तोंडी असेल तर साहेब ऐकून चहा पाजतो. बिलांचा गठ्ठा टेबलावर आदळला की त्याला उत्तर द्यावे लागते.