संगणकाला दोष देण्यापूर्वी

गेल्या महिन्यात एका पतसंस्थेतील लेखनिक डोळे तपासून घेण्यासाठी आले होते. वय ४४. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत संगणकावर खातेदारांच्या नोंदी करणे, हे त्यांचे काम. दुपारनंतर डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे खुपते, आकडे पुसट होतात आणि घरी पोहोचेपर्यंत कपाळ ठणकू लागते, अशी त्यांची तक्रार होती. "डॉक्टरसाहेब, या कॉम्प्युटरने माझे डोळे खाल्ले बघा," ते म्हणाले.

आजवर काय उपचार केलेत, असे विचारताच त्यांनी खिशातून एक छोटी बाटली काढली. चिठ्ठीशिवाय दुकानातून आणलेले ते थेंब ते आठ महिने डोळ्यांत घालीत होते. घातले की लाली जाते, बरे वाटते. वाटणारच! त्या थेंबांत स्टिरॉइड होते.

डोळ्यातील दाब साधारणपणे १० ते २१ मि.मी. असतो. त्यांचा ३४ भरला. उजव्या डोळ्याची कडेची नजर थोडी कमी झाली होती. थेंब बंद करून योग्य औषध दिल्यावर दाब उतरला, परंतु काचबिंदूने गेलेली नजर कोणत्याही उपायाने परत येत नाही. आता सांगा, या गृहस्थांचे डोळे कोणी बिघडवले? संगणकाने, की त्या बाटलीने?

वाचकहो, संगणकाच्या कामाने डोळे थकतात हे खरे. मात्र केवळ पडद्याकडे पाहिल्याने मोठ्या माणसाची दृष्टी कायमची जात नाही. थकवा का येतो, हे समजले तर निम्मे दुखणे घरच्या घरीच कमी होते.

पहिले कारण पापणीचे. एरवी आपण मिनिटाला सुमारे १५ वेळा पापणी मिटतो. प्रत्येक वेळी डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरतो. पडद्यावर नजर रोखली की हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. थर सुकतो, डोळा कोरडा पडतो. समोरून पंखा किंवा कूलर सुरू असेल तर विचारूच नका.

दुसरे कारण स्नायूचे. जवळचे पाहताना डोळ्याच्या आतील स्नायू आखडलेला राहतो, दूर पाहिले की तो सैल पडतो. बादली उचलून तासभर उभे राहिल्यास हात भरून येतो, तसेच हे आहे.

तिसरे कारण चष्म्याचे, आणि नेमके तेच आपण विसरतो. चाळिशीनंतर जवळचा नंबर लागतो. दुभागी चष्म्याची खालची काच हातातील वर्तमानपत्राच्या अंतरासाठी असते. पडदा त्याहून दूर आणि उंच असतो. मग माणूस हनुवटी वर करून त्या काचेतून पाहू लागतो. मान दुखते आणि अक्षर मात्र स्पष्ट होत नाही. अशांनी पडद्याचे अंतर मोजून डॉक्टरांना सांगावे व कामापुरता वेगळा चष्मा करून घ्यावा.

उपाय साधे आहेत. पडदा डोळ्यांपासून सुमारे दोन फूट दूर आणि नजरेच्या थोडा खाली असावा. खिडकी पडद्याच्या मागे किंवा आपल्या पाठीमागे नसावी, बाजूला असावी. अक्षरे मोठी करून घ्यावीत. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे. रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी किंवा नारळाचे झाड यासाठी पुरेसे आहे. मधूनमधून पापण्या सावकाश, पूर्ण मिटाव्यात. पंख्याचा वारा थेट चेहऱ्यावर घेऊ नये. मध, गुलाबपाणी असले घरगुती प्रयोग डोळ्यांत करू नयेत. कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब मिळतात, तेही विचारूनच घ्यावेत.

हल्ली निळ्या प्रकाशापासून रक्षण करणाऱ्या चष्म्यांची मोठी जाहिरात होते. २०२३ साली १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. साध्या काचांच्या तुलनेत या काचांनी डोळ्यांचा ताण कमी होतो, असे त्यात आढळले नाही. तेच पैसे योग्य नंबर काढून घेण्यासाठी खर्च करावेत.

संस्थाचालकांनाही चार शब्द सांगणे भाग आहे. नवा संगणक घेताना हजारो रुपये मोजले जातात, पण तो ठेवायचा जुन्याच उंच टेबलावर, बसायचे लाकडी खुर्चीत आणि खिडकीला पडदा नाही! संध्याकाळी कर्मचाऱ्याच्या हातून आकडा चुकला की बोलणी त्यालाच बसतात. तासाला पाच मिनिटे उठण्याची मोकळीक ही चैन नव्हे, ती कामाचीच गरज आहे. औषध विक्रेत्यांनीही स्टिरॉइडचे थेंब चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. कायदा तर आहेच, पण दृष्टी शेजारच्याच माणसाची जाते.

मुलांबाबत थोडे अधिक सावध राहावे. सतत जवळचे पाहणे आणि उन्हा-वाऱ्यात न खेळणे यांमुळे लांबचे अंधुक दिसण्याचा दोष वाढतो. रोज दोन तास मुलांना अंगणात, मैदानावर सोडा.

अचानक अंधुक दिसणे, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणे, डोळ्यात तीव्र कळ येणे ही थकव्याची लक्षणे समजू नयेत. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे.

आमच्या लेखनिकांनी टेबल खिडकीला काटकोनात फिरवले, पंखा हलवला, कामाचा चष्मा केला. पंधरा दिवसांनी आले तेव्हा म्हणाले, "दुपारचे डोके दुखणे थांबले." या उपायांना आठ महिन्यांपूर्वी एक दिवसही पुरला असता. आता मात्र काचबिंदूची तपासणी त्यांना आयुष्यभर करावी लागेल. आपल्या घरात तसली एखादी बाटली असेल, तर ती आजच डॉक्टरांना दाखवा.