रंग नको, चाल बघा

घोडा घेताना आपल्याकडे आधी रंग बघतात, मग उंची, मग अंगावरचे भोवरे. देवमण आहे का? पंचकल्याणी आहे का? एखादा अपशकुनी भोवरा तर नाही ना? एवढे झाले की तोंड उघडून दात बघायचे आणि भाव सुरू. पाठीवर बसून चार पावले चालवून बघणारे गिऱ्हाईक विरळाच. मला हे उलटे वाटते. ज्याच्यावर बसायचे त्याची चाल आणि स्वभाव आधी बघावा. रंगाचे मागाहून बघता येईल.

मी काही घोडेवाला नव्हे, बिलोलीचा एक निवृत्त मास्तर. पण लहानपणी घरी तट्टू होते, आणि लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मी सहसा चुकवत नाही. तिथे मार्गशीर्षाच्या शेवटी घोडे, गाढवे, उंट सगळे विकायला येतात. तेवढ्या भांडवलावर हा आगाऊपणा.

आधी चालीचे सांगतो. दुडक्या चालीत घोड्याचा पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम पडतो, मग दुसरी जोडी. या दोन जोड्यांच्या मध्ये क्षणभर चारही पाय हवेत असतात. स्वाराला हिसका बसतो तो तिथेच. मांड पक्की नसेल तर दोन कोसांत कंबर ढिली! रवाल चालीत पाय एकामागून एक पडतात, कोणता ना कोणता जमिनीवर टेकलेला असतोच, म्हणून पाठ फारशी उसळत नाही. जाणती माणसे सांगायची, भरलेला तांब्या हातात धरून बसा. पाणी हिंदकळले नाही तर तो खरा रवाल.

ही चाल सरावाने सुधारते, पण तिचे मूळ रक्तात असते. २०१२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी आइसलँडच्या घोड्यांवर काम करून दाखवले, की अशा चालीमागे डीएमआरटी३ नावाच्या एका जनुकातला बदल असतो. पाय कोणत्या क्रमाने उचलायचे हे ठरवणाऱ्या पाठीच्या कण्यातल्या पेशींवर त्याचा परिणाम होतो. म्हणजे चाल हवी असेल तर ती पैदाशीतच निवडली पाहिजे.

स्वभावाचेही तेच. काही आईबापांकडून येतो, काही पहिल्या वर्षात घडतो. शिंगरू पाच-सहा महिने आईच्या मागे असते. आई माणूस दिसताच कान पाडून लाथ झाडत असेल तर पोर दुसरे काय शिकणार? वर्गात इतकी वर्षे काढल्यावर मला हे कोणी वेगळे समजावून सांगायला नको. पण आपल्याकडे वळू नावाजलेला शोधतात आणि घोडी मिळेल ती चालते.

गरीब स्वभावाची किंमत बघायची असेल तर आषाढी वारीतले रिंगण बघा. माउलींचा अश्व पाठीवर स्वार नसताना टाळमृदंगाच्या गजरात, हजारो माणसांच्या मधून धावतो. बिथरला तर काय होईल, विचार करा. किंवा धनगरांचा भीमथडी घोडा बघा. भांडीकुंडी, कोंबड्या, कोकरे असा सगळा संसार पाठीवर घेऊन तो मेंढरांबरोबर मैलोन् मैल चालतो. २०२३-२४ मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली, याचा मला फार आनंद झाला. देखणेपणाच्या स्पर्धेत तो कदाचित मागे पडेल, पण कामाला पक्का.

मग असे घोडे मुद्दाम का पैदा करत नाहीत? कारण वेळ लागतो. घोडी अकरा महिने गाभण, त्यानंतर निदान तीन वर्षे शिंगरावर बसायचे नाही. एवढा दाणावैरण घालून थांबायचे, आणि बाजारात भाव मिळणार वरातीत नाचणाऱ्या पांढऱ्याला! म्हणून कोवळ्या वयात पाठीवर ओझे, तोंडात काटेरी लगाम, आणि ढोलावर नाच. घोडी मेली ओझ्याने नि शिंगरू मेले हेलपाट्याने, ही म्हण उगीच नाही पडली. परदेशातही हे घडते. अमेरिकेत टेनेसी वॉकिंग जातीच्या घोड्याने पाय उंच उचलावा म्हणून त्याच्या पायांना जाळणारी रसायने लावत. ते थांबवायला १९७० साली कायदा करावा लागला. म्हणजे नुसत्या चालीच्या मागे लागूनही भागत नाही. मारून आणलेली चाल ही चाल नव्हेच.

माझे मागणे साधे आहे. माळेगावच्या यात्रेत जिल्हा परिषद पशुप्रदर्शन भरवते, बक्षिसे देते. त्यात एक बक्षीस भरल्या तांब्याचे ठेवावे. साधा लगाम, साधे खोगीर, गर्दीतून एक फेरी, आणि वर बसणारा मालक नव्हे तर परका माणूस. ज्याचे पाणी सांडणार नाही त्याला फेटा, आणि त्याच्या आईच्या मालकालाही फेटा. बक्षीस जिकडे, पैदास तिकडे वळते. दोन-चार वर्षांत लोक घोडीचा स्वभाव विचारू लागतील.

वरातीला घोडा लागणारच, त्याला माझी ना नाही. पण नवरदेवालाही शहाण्या घोड्यावरच बसवलेले बरे, नाही का?