तारू उसने का असेना

बायबलातल्या नोहाचा आणि त्याच्या तारवाचा विषय निघाला की बैठकीतला एक तरी हुशार माणूस म्हणतोच, "अहो, ते सगळं बाबिलोनवरून ढापलंय." ढापले असेल. पुरावा भक्कम आहे. ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनमध्ये जॉर्ज स्मिथने निनवेच्या मातीच्या फळ्यांवरची प्रलयकथा वाचून दाखवली, तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टन समोर बसले होते. स्मिथ मूळचा नोटांचे ठसे कोरणारा कारागीर. देवाने आधी दिलेली सूचना, जहाज, डोंगरावर टेकणे, पाणी ओसरले का ते पाहायला सोडलेले कबुतर आणि कावळा, सगळे फळ्यांवरच्या त्या गिल्गमेशच्या काव्यात होतेच.

पण उसने म्हणून फोल, हा हिशेब कुठला? एकनाथांच्या भावार्थ रामायणाला वाल्मीकींची चोरी म्हणायला कोणी धजत नाही. उसनवारीत काय घेतले यापेक्षा काय बदलले ते पाहावे.

बाबिलोनी कथेत माणसांच्या गोंगाटाने एन्लिल देवाची झोप मोडते, म्हणून पूर येतो. पुढे उपाशी देव यज्ञाच्या वासावर माश्यांसारखे घोंगावतात. बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात कारण झोपेचे नाही, पृथ्वीवर माजलेल्या हिंसेचे आहे. यज्ञाचा सुवास मात्र इथेही तसाच राहिला आहे. लेखकाने उसनवारी लपवलेली नाही. खरी गंमत पुढे आहे. सहाव्या अध्यायात माणसाचे मन सदा वाईटच योजते म्हणून देव प्रलय आणतो. आठव्या अध्यायात तोच देव म्हणतो की माणसाचे मन लहानपणापासून वाईटच, म्हणून पुन्हा असा संहार नाही. कारण तेच, निर्णय उलटा! एवढ्या पाण्याने माणूस तसूभर सुधारला नाही. बदलला तो देव. मग तो ढगात धनुष्य ठेवतो. हिब्रूत त्यासाठी लढाईतल्या धनुष्याचाच शब्द आहे. इंद्रधनुष्य म्हणणाऱ्या आपल्याला हे वेगळे समजावायला नको.

दुसऱ्या टोकाला कथेचा शब्द न् शब्द खरा मानणारी भाविक मंडळी आहेत. अमेरिकेत केंटकी राज्यात त्यांनी तीनशे हातांच्या मापाने ५१० फुटी लाकडी तारू उभारले; २०१६ पासून ते तिकीट काढून पाहता येते. पुढे पावसाने तिथला रस्ता खचला आणि २०१९ मध्ये तारवाच्या मालकांनी विमा कंपन्यांवर दावा लावला. (मी हसलो, कबूल करतो.) बैठकीतला तो चिडवणारा आणि हा तारू बांधणारा सुतार, दोघेही कथेला पंचनामा समजतात. एकाला तो खोटा ठरवायचा आहे, दुसऱ्याला खरा.

त्या मानाने डॅरेन अ‍ॅरोनोफ्स्कीचा २०१४ चा 'नोहा' हा सिनेमा मला कथेच्या जास्त जवळचा वाटतो. काही देशांनी त्यावर बंदी घातली, भाविक रुसले, आणि त्यातले दगडी राक्षस पाहून मीही कपाळाला हात लावला. पण त्यातला नोहा नवजात जुळ्या नातींवर सुरी धरून उभा राहतो. हा प्रसंग बायबलात नाही. प्रश्न मात्र तिथलाच आहे. माणूस एवढा वाईट, तर त्याचे बी राखायचे कशाला? नोहाच्या हातून सुरी चालत नाही.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हांला जिराफाची मान बाहेर आलेले तारू रंगवायला द्यायचे. प्रलयानंतर द्राक्षमळा लावून, पिऊन तंबूत उघडा पडलेला म्हातारा नोहा कोणी रंगवायला दिला नाही. तो उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात आहे. सिनेमातही आहे.