यंत्रणा नसलेल्या धावपट्ट्यांवर उपग्रहाधारित इन्स्ट्रुमेंट अप्रोच देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

महोदय,

धावपट्टीजवळ आयएलएस किंवा व्हीओआर नाही, म्हणून तिथे नजरेच्या भरवशावरच उतरायचे, ही समजूत जमिनीवरच्या रेडिओ यंत्रांच्या काळातली आहे. आपल्या नियमांनुसार अशा उतरण्यासाठी 5 किलोमीटर दृश्यमानता लागते आणि ढगांचा तळ 1500 फुटांच्या खाली चालत नाही. कोकणातल्या आषाढात ही अट तासन्‌तास पूर्ण होत नाही. मग विमान रद्द होते. पण त्याहून मोठी काळजी अशी, की एखादा पायलट ढगांखालून, डोंगर चुकवत धावपट्टी शोधत राहतो. कोणताही बिघाड नसलेले विमान डोंगरावर आदळते ते अशाच प्रसंगी.

याला उत्तर देशातच तयार आहे. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उभारलेली ‘गगन’ यंत्रणा आयनोस्फिअरमुळे उपग्रह-संकेतांत येणारी चूक दुरुस्त करून पायलटला दिशेबरोबर उंचीचेही मार्गदर्शन देते. 2015 मध्ये तिला अशा अप्रोचसाठी मान्यता मिळाली आणि एप्रिल 2022 मध्ये राजस्थानातील किशनगढला इंडिगोचे एटीआर विमान तिच्या आधारे चाचणीदाखल उतरले. धावपट्टीवर एकही दिशादर्शक यंत्र न बसवता आयएलएसच्या पहिल्या श्रेणीच्या जवळपासची अचूकता त्यातून मिळते.

असा अप्रोच दिला तर पायलट वाईट हवेतही धाडस करतील, हा आक्षेप आम्हाला पटत नाही. आखलेल्या अप्रोचमध्ये कुठवर खाली यायचे आणि धावपट्टी न दिसल्यास कोणत्या मार्गाने वर जायचे, हे आधीच ठरलेले असते. मर्यादा नसते ती ढगांखालच्या शोधाशोधीला. जीपीएस संकेतांत अडथळे आणले जातात, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. म्हणूनच मोठ्या पर्यायी विमानतळांवरची जमिनीवरील यंत्रणा काढू नये. खर्चाचा मुद्दाही उरतो, पण तो अडथळ्यांची मोजणी, अप्रोचची आखणी आणि तपासणी-उड्डाण यांचा आहे. आयएलएसची उभारणी आणि कायमची देखभाल त्यात नाही.

नुसता अप्रोच मात्र पुरणार नाही. उंचीमापक स्थानिक हवेच्या दाबावर लावावा लागतो आणि 1 हेक्टोपास्कलच्या चुकीने उंची सुमारे 27 फुटांनी चुकते. दूरच्या शहराचा दाब वापरून डोंगराळ भागात खाली येणे म्हणूनच धोक्याचे आहे.

तरी महाराष्ट्रातील वापरातल्या प्रत्येक छोट्या धावपट्टीसाठी, कोकणापासून सुरुवात करून, ‘गगन’वर आधारित अप्रोच आखून प्रसिद्ध करावा; तिथे दाब, वारा, दृश्यमानता आणि ढगांचा तळ सांगणारे स्वयंचलित हवामान केंद्र बसवावे; आणि आसपास उभ्या राहणाऱ्या मोबाइल टॉवरांची व इमारतींची दरवर्षी फेरमोजणी व्हावी. हे होईपर्यंत, स्थानिक हवामानाची ताजी नोंद हाती नसताना अशा धावपट्टीवर प्रवासी विमान नेऊ देऊ नये. कोणत्या धावपट्टीचे काम कोणत्या महिन्यात सुरू होणार, हे येत्या पावसाळ्यापूर्वी लेखी कळवावे, ही विनंती.

आपले नम्र,
छोट्या विमानतळांवरून प्रवास करणारे नागरिक