चंद्रावरचं लँडिंग सगळ्यांनी पाहिलं, पण ढाणकीच्या शिवारातलं सोयाबीन उपग्रहाला दिसतं का?

२३ ऑगस्ट २०२३. संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरला. इस्रोच्या यूट्यूब चॅनलवर त्या वेळी एकाच क्षणी ८० लाखांहून जास्त लोक होते. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर तिरंगा, रॉकेटच्या इमोजी आणि पेढे.

त्याच ऑगस्टची दुसरी नोंद फारशी शेअर झाली नाही. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. यवतमाळ जिल्ह्याला तर त्या हंगामात दोन्ही टोकं बघावी लागली. यान चंद्राच्या वाटेवर निघण्याआधी पृथ्वीभोवतीच घिरट्या घालत होतं, तेव्हा २२ जुलैला महागाव तालुक्यातल्या आनंदनगरमध्ये पुरात अडकलेल्या लोकांसाठी मदत पथकं धावत होती. महिनाभरानं यान उतरलं, तेव्हा शेतकरी आभाळाकडे बघत होता, पण पावसासाठी.

महागावला लागूनच उमरखेड तालुका आहे आणि त्यात ढाणकी. पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ, पलीकडे नांदेड. नगरपंचायत असलेलं गाव, पण बाजार चालतो तो शेतीवर. इथल्या माणसाचा आणि अंतराळ संस्थेचा संबंध लँडिंगच्या दिवसापुरता असतो, असं वाटू शकतं. प्रत्यक्षात पीक विम्याचे किती पैसे खात्यात येणार, या हिशेबात आता उपग्रहाचाही वाटा आहे. आणि याबद्दल चांद्रयानाच्या एक टक्काही चर्चा होत नाही.

विम्यात उपग्रह कुठून आला?

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई ठरते ती उत्पादनावरून. आपल्याकडे त्यासाठीचं क्षेत्र म्हणजे महसूल मंडळ. मंडळातल्या मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तरानं, म्हणजे महाराष्ट्रात ७० टक्क्यांनी, गुणायचं. हे झालं उंबरठा उत्पादन. यंदाचं उत्पादन त्याच्या जितकं खाली, तितक्या टक्के भरपाई.

यंदाचं उत्पादन मोजायची जुनी पद्धत म्हणजे पीक कापणी प्रयोग. मंडळात एका पिकासाठी किमान १० ठिकाणी ठरावीक मापाचा तुकडा कापायचा, मळायचा, वजन करायचं. हजारो हेक्टरचं नशीब १० तुकड्यांवर! प्लॉट कुठला निवडला, कापणीला कोण हजर होतं, वजन कसं झालं, यावरून शेतकरी आणि विमा कंपन्या दोघांच्याही तक्रारी असतात.

म्हणून केंद्रानं २०२३ च्या खरिपापासून 'यस-टेक' ही पद्धत आणली. उपग्रहाची चित्रं, हवामानाची माहिती आणि संगणकी मॉडेल वापरून उत्पादनाचा अंदाज काढायचा आणि अंतिम आकड्यात त्याला किमान ३० टक्के वजन द्यायचं. सुरुवात भात आणि गव्हापासून झाली, २०२४ च्या खरिपात सोयाबीन आलं. ही पद्धत राबवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आहे. मध्य प्रदेशनं तर उत्पादनाचा अंदाज १०० टक्के तंत्रज्ञानावर सोपवला आहे.

आता हे ३० टक्के खिशात कसे जाणवतात ते बघा. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल आणि विमा संरक्षण ५० हजार रुपये. कापणी प्रयोगात ६ क्विंटल निघाले. नुसत्या त्यावर हिशेब केला तर तूट ४० टक्के, भरपाई २० हजार. पण उपग्रह म्हणाला की पीक ९ क्विंटलचं आहे. मग ६ चे ७० टक्के आणि ९ चे ३० टक्के मिळून झाले ६.९ क्विंटल. तूट ३१ टक्के, भरपाई १५,५००. हेक्टरी साडेचार हजार गेले.

उलटंही होऊ शकतं. कापणीत ९ दाखवले आणि उपग्रहानं ६ म्हटलं, तर ५ हजारांच्या जागी ९,५०० मिळतील. म्हणजे उपग्रह शेतकऱ्याच्या बाजूचाही नाही आणि कंपनीच्याही नाही. प्रश्न एवढाच की त्याला नक्की काय दिसतं.

एक ठिपका, एक गुंठा

हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं. पान पिवळं पडलं, सुकलं की हे प्रमाण बिघडतं. उपग्रह हेच प्रमाण मोजतो.

इस्रोसाठी ही नवी गोष्ट नाही. १९७० मध्ये प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळाच्या बागांची छायाचित्रं घेतली होती, मुळांच्या रोगानं ग्रासलेली झाडं ओळखण्यासाठी. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात तिथून मानली जाते. थोडक्यात, चंद्राच्या कितीतरी आधी आपले शास्त्रज्ञ वरून पिकं बघत होते. पुढे १७ मार्च १९८८ ला आयआरएस-१ए हा भारतीय दूरसंवेदन उपग्रह गेला. आज इस्रोचं प्रादेशिक दूरसंवेदन केंद्र आणि राज्य सरकारचं 'एमआरसॅक', दोन्ही नागपुरातच आहेत.

चित्र किती बारीक असतं? इस्रोच्या रिसोर्ससॅट-२ए वरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवर साडेतेवीस मीटर लांब-रुंद, म्हणजे साधारण साडेपाच गुंठे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा ठिपका १० मीटरचा, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. सलग दहा एकर सोयाबीन असेल तर हे पुरेसं आहे. पण सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतील, बांधाला झाडं असतील, शेजारी हळद असेल, तर एका ठिपक्यात दोन-तीन पिकांची सरमिसळ होते.

दुसरी अडचण ढग. खरिपात नेमकी पीक वाढायची वेळ आणि आभाळ भरून आलेलं. साधा कॅमेरा ढगांपलीकडे बघू शकत नाही. त्यासाठी रडार लागतं. इस्रोचा ईओएस-०४ हा रडार उपग्रह १४ फेब्रुवारी २०२२ ला गेला. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून नासा आणि इस्रोचा 'निसार' गेला. तो दर १२ दिवसांनी त्याच जमिनीवरून जातो, रात्री आणि ढगांतूनही बघतो. शेतीसाठी तो चांद्रयानापेक्षा जास्त कामाचा आहे, पण त्याच्या उड्डाणाला गावागावांत पडदे लागले नाहीत.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, आणि ती रडारनंही पूर्ण सुटत नाही. उपग्रह पानं बघतो, विमा दाण्यांचा असतो. २०२३ मध्ये विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला. तसा रोग वरून दिसू शकतो, कारण शेत अवेळी पिवळं पडतं. पण काढणीच्या तोंडावर पाऊस येऊन शेंगांना कोंब फुटले तर? सोयाबीनची पानं तेव्हा तशीही गळालेली असतात, वरून बघायला काही उरलेलंच नसतं. त्याआधीचा हंगाम हिरवागार गेला असेल तर मॉडेल चांगल्याच उत्पादनाकडे झुकणार.

कापसाचं तर आणखी अवघड. २०१७ मध्ये विदर्भानं गुलाबी बोंडअळीचा तडाखा सोसला. ही अळी बोंडाच्या आत असते. बाहेरून झाड हिरवं, बोंडंही दिसायला ठीक, फोडल्यावर आत सरकी खाल्लेली आणि कापूस डागाळलेला. शेताच्या बांधावर उभ्या माणसाला जे दिसत नाही, ते शेकडो किलोमीटरवरून कसं दिसावं?

मग आताच हे महत्त्वाचं का?

कारण २०२५ च्या खरिपापासून राज्यानं एक रुपयातला पीक विमा बंद केला. आता शेतकऱ्याला खरिपासाठी २ टक्के आणि कापसासारख्या नगदी पिकासाठी ५ टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो. स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान हे वेगळे भरपाईचे रस्तेही वगळले गेले. उरला तो उत्पादनाचा आकडा. त्यामुळे त्यात उपग्रहाचा भाग किती आणि तो बरोबर किती, हे आधीपेक्षा जास्त लागू पडतं.

याचा अर्थ उपग्रह नको, असा नाही. दहा तुकड्यांच्या भरवशावर मंडळ सोडण्यापेक्षा दुसरा साक्षीदार असलेला बरा. फक्त साक्षीदार काय बोलला ते कळायला हवं. कापणी प्रयोगाचा आकडा आणि यस-टेकचा आकडा मंडळनिहाय, पीकनिहाय, वेगवेगळे, भरपाई वाटण्याआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले, तर दोन्हींत मोठा फरक का पडला, हे विचारता येईल. एकत्र केलेल्या आकड्यावर वाद घालायला जागाच राहत नाही.

आणि एक काम शेतकऱ्याच्या हातातलं. वरून दिसणारा हिरवा ठिपका सोयाबीनचा की उडदाचा, हे संगणकाला जमिनीवरच्या नोंदींवरूनच शिकवावं लागतं. ई-पीक पाहणीची नोंद विम्याच्या अर्जाशी जुळावी लागते, हे बहुतेकांना माहीत आहे. तिथे आंतरपीक असेल तर तेही भरावं. 'सोयाबीन' एवढंच टाकून मोकळं झालं, की मधल्या तुरीच्या ओळी कागदावर नाहीशा होतात. वरच्या चित्रात मात्र सोयाबीन निघाल्यावरही तूर हिरवीच दिसत राहते.