स्पीकर किती वाजतो हे सगळे विचारतात, तो कशाला टांगलाय हे कोण विचारणार?

गणपती असोत, नवरात्र असो की एखादी कॉन्सर्ट, पनवेलमध्ये साउंडची चर्चा एकाच गोष्टीवर येऊन थांबते: आवाज. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. त्यामुळे मंडळवाले घड्याळ बघतात, पोलीस मीटर बघतात. पण तोच साउंड शेकडो किलो वजनासह आपल्या डोक्यावर लटकत असतो, तिकडे कोणी मान वर करून बघत नाही.

तात्पुरत्या व्यवस्थेत एकच गोष्ट तुटली तर काय होतं, हे पनवेलने पाहिलंय. सप्टेंबर २०२२ मध्ये वडघर कोळीवाड्यात विसर्जनाच्या वेळी जनरेटरची केबल तुटली आणि ११ जणांना शॉक लागला. तिथे केबल होती. टांगलेल्या साउंडमध्ये तीच जागा एखादा पट्टा, शॅकल किंवा बोल्ट घेतो.

मुळात टांगतात कशाला?

स्पीकर जमिनीवर ठेवले तर पुढच्यांचे कान बसतात आणि मागच्यांना काही कळत नाही. म्हणून बॉक्स एकाखाली एक जोडून उंचावर टांगतात. खालचे बॉक्स पुढच्या रांगांकडे झुकवलेले, वरचे लांबच्या लोकांकडे. याला लाइन अरे म्हणतात. आयडिया मस्त आहे, पण सगळं वजन वरच्या एक-दोन पॉइंटवर येतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो. फरक इतकाच की आमचा सर्व्हर पडला तर रीस्टार्ट होतो.

कोनाचं गणित

धरा, ५० किलोचे ८ बॉक्स आहेत. झाले ४०० किलो. दोन पट्टे सरळ उभे असतील तर प्रत्येकावर २०० किलो. पट्टे फाकवून आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन झाला, तर प्रत्येकी सुमारे २३१ किलो. कोन ३० अंशांवर आला, की प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण ४०० किलो! बॉक्स तेच, पट्टा तोच, भार डबल. त्यात वर चढवताना बसणारे झटके आणि पावसाळी वारा वेगळा. म्हणून ‘मागच्या वर्षी पण असंच लावलं होतं’ हे उत्तर चालत नाही.

जुलै २०२२ मध्ये हाँगकाँग कोलिझियममध्ये कॉन्सर्ट सुरू असताना टांगलेला एलईडी स्क्रीन नर्तकांवर कोसळला. एक जण गंभीर जखमी झाला. चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या: वायर रोप धातूच्या थकव्याने तुटला होता, आणि सामानाचं कळवलेलं वजन खऱ्या वजनापेक्षा बरंच कमी होतं. म्हणजे एक चूक देखभालीची, दुसरी कागदावरची.

तळोज्यात एक नियम, मैदानात दुसरा

आपल्या तळोजा एमआयडीसीतल्या कारखान्याचं उदाहरण घ्या. १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या कलम २९ ने साखळी, दोर आणि उचलण्याच्या साधनांची १२ महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी बंधनकारक केली, क्षमतेपेक्षा जास्त भार टाकायला बंदी घातली. हा कायदा आता नव्या कामगार संहितेत सामावला गेलाय, पण तत्त्व तेच. तीच चेन पुली टेम्पोतून मैदानात आली, की मात्र सगळं साउंडवाल्याच्या अनुभवावर. खाली चार कामगारांच्या जागी चारशे माणसं असतात, तरी!

माझं म्हणणं साधं आहे. मंडप परवानगीच्या फाइलमध्ये आणखी एक कागद लागावा: टांगलेलं एकूण वजन, प्रत्येक साधनाची क्षमता आणि शेवटच्या तपासणीची तारीख. लाइन अरे डिझाइन करणारी सॉफ्टवेअर हे वजन आधीच काढून देतात, त्यामुळे मोठ्या साउंडवाल्याला हे अवघड नाही.

तोपर्यंत तुम्ही मंडळात असाल तर

• माल खाली असतानाच मोबाइलने प्रत्येक शॅकल, हुक आणि पट्ट्याचा फोटो काढा. क्षमतेचा आकडा दिसत नसेल तर ते साधन बाजूला ठेवायला सांगा.
• हुकचा खटका बंद होतो का, शॅकलची पिन पूर्ण बसून बांधली आहे का, वायर रोपचे तार सुटलेत का, हे बघा.
• मुख्य आधाराशिवाय दुसरा सेफ्टी वायर हवाच, आणि तो ढिला नको. ढिला असेल तर बॉक्स आधी खाली पडतो आणि त्या झटक्याने वायरही तुटू शकतो.
• ट्रसवर नंतर बॅनर चढवू नका. वाऱ्यात तो शिडासारखा ओढतो.
• ट्रसचे पाय चिखलात नकोत. पाऊस झाला की पुन्हा तपासा.
• माल वर जात असताना खाली कोणी उभं राहायचं नाही. रील काढायला तर नाहीच.

यावर ‘काही होत नाही, दादा’ असं उत्तर आलं, तर शांतपणे एवढंच विचारा: वजन किती आहे? ज्याला हा आकडा माहीत नाही, त्याने तो डोक्यावर टांगू नये.